आजोबांचा मयत कोणत्या दप्तरात नोंदला आहे?



मुलगा अकरावी-बारावीला गेला की घरात जात पडताळणीचा अर्ज येतो. त्यात वंशावळ लिहायची असते. बापाचे नाव ठाऊक असते, आजोबांचे विचारून समजते. पणजोबांच्या जागेवर लेखणी अडते. मग गावच्या चुलत्याकडे निरोप जातो आणि तिकडून उत्तर येते, "बहुतेक सोमा असावे." हा प्रसंग भिवंडीतल्या किती घरांत घडला असेल! कोणाचा बाप शहापूर-मुरबाडकडून मागावर कामाला आला, कोणाचा रत्नागिरीहून, कोणाचा मराठवाड्यातून. गाव सुटले आणि गावाबरोबर नावेही सुटली.

आपल्या वाडवडिलांच्या मातीवर दगड नाही. वसईच्या ख्रिस्ती बांधवाला पूर्वजाचा शोध घ्यायचा असेल तर तो चर्चमध्ये जातो. तेथे बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या वह्या ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे खेडोपाडी मयताला पुरण्याची चाल मोठी होती, कारण सरण रचायला लाकूड कोठून आणायचे? गावकुसाबाहेरची वेगळी जागा, वर मातीचा ढीग, जनावराने उकरू नये म्हणून काटे आणि चार धोंडे. दोन पावसाळ्यांत ढीग बसला की खूणही गेली. आपल्या पूर्वजांची नावे दगडावर कोरलेली पाहायची तर भीमा कोरेगावच्या स्तंभावर पाहावी लागतात. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांपैकी २२ जण शेवटच्या "नाक" या अक्षरांवरून ओळखता येतात. ते शिपाई होते म्हणून नोंदले गेले. घरी तापाने मेलेल्याला कोण दगड उभारणार?

म्हणून स्मशानात शोधू नका, दप्तरात शोधा. गावात कोण जन्मले, कोण मेले याची वही ब्रिटिश अमदानीपासून सरकार ठेवीत आले. तिला जुना गाव नमुना नंबर १४, म्हणजेच जन्म-मृत्यू नोंदवही म्हणतात. बोलताना लोक "कोतवाल बुक" म्हणतात. या वह्या बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. मयताचे नाव, तारीख, जात, वय आणि बहुधा मृत्यूचे कारण त्यात मिळते. ज्याने आयुष्यभर अंगठा उठवला, त्याच्या नावाचा एवढाच कागद कोठे असेल तर तो येथे.

अर्ज साध्या कागदावर करा, नियमाचा स्टॅम्प लावा आणि प्रमाणित नक्कल मागा. अर्जात गाव, तालुका आणि अंदाजे साल हवेच. केवळ "आमच्या आजोबांची नोंद द्या" म्हटले तर कारकून वही उघडणार नाही, आणि त्याचे फार चुकते असेही नाही. साल कसे काढायचे? म्हातारीला साल विचारू नका, काय घडले ते विचारा. "मानमोडीत गेले" म्हणाली तर १९१८ धरा. त्या वर्षाच्या इन्फ्लुएंझाला आपल्या लोकांनी हेच नाव दिले होते. "महाडच्या तळ्याच्या वर्षी" म्हणाली तर १९२७. "बाबासाहेब गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यात" म्हणाली तर १९५६. मग मागची-पुढची दोन-दोन वर्षे धरून अर्ज करा.

आता नाव. येथेच बहुतेक जण हात टेकून परत येतात. आज ज्याला आपण रामचंद्र म्हणतो तो वहीत "रामा" असतो, क्वचित "रामनाक". आडनाव तर बहुधा नसतेच. "रामा बिन सोमा" म्हणजे सोमाचा मुलगा रामा. बाईच्या नावापुढे "कोम" असेल तर पुढचे नाव नवऱ्याचे. कित्येक ठिकाणी बाईचे नावच नाही, नुसते "अमक्याची बायको". तान्ह्या पोराला तेही नाही. ही वही लिहिणाऱ्याच्या नजरेतून लिहिली गेली आहे, हे वाचताना ध्यानात असू द्या.

आडनावाचे उदाहरण परमपूज्य बाबासाहेबांच्या घरचेच घ्या. आजोबा मालोजी सकपाळ, वडील रामजी सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून आंबडवेकर, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला तेव्हा वहीत नाव पडले "भिवा रामजी आंबेडकर". तीन पिढ्यांचा माग काढायला तीन आडनावे! तुमच्या घरीही गावावरून पडलेले आडनाव मुंबईला किंवा भिवंडीला आल्यावरच लागले असेल. ते जुन्या वहीत शोधून सापडणार नाही. बापाचे नाव धरून शोधा.

जिल्ह्यांचाही घोळ आहे. कुलाबा १९८१ साली रायगड झाला. वाडा, जव्हार, पालघर हे तालुके २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. मराठवाडा निजामाकडे असल्याने तिकडचे जुने कागद उर्दूतही मिळतात. आपल्या बाजूचे बरेचसे मोडीत आहेत. मोडी पाहून घाबरू नका. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण देते. एखाद्या होतकरू मुलीने ते घेतले तर सगळ्या वस्तीचे काम होईल.

महारकीचे वतन असलेल्या घराण्यांना आणखी एक वाट आहे. वतनाच्या कागदांत कोणाची किती तक्षीम हे लिहिलेले असते आणि कधी कुर्सीनामाही सापडतो. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली, बाबासाहेब तर १९२८ पासून त्यासाठी झगडत होते. त्या जोखडाचा पुरावा आज नातवाच्या उपयोगी पडावा, हा काळाचा खेळ आहे.

जात पडताळणीत १० ऑगस्ट १९५० या तारखेला मोठे महत्त्व आहे. अनुसूचित जातींचा आदेश त्या दिवशीचा, म्हणून त्याआधीच्या नोंदीचे वजन सर्वांत जास्त. त्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला तो १९९० साली. मधल्या काळात महाराष्ट्राने सवलती दिल्या, केंद्राच्या नव्हत्या. त्यामुळे एकाच घरातल्या थोरल्याच्या शाळेच्या दाखल्यावर "बौद्ध" आणि धाकट्याच्या दाखल्यावर "हिंदू महार" असे दिसते. हे दोन कागद एका बापाचे आहेत हे जोडून दाखवायला आजोबांच्या मृत्यूची नोंद लागते.

काहींना ती नोंद पाहून संताप येतो. दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, मग तो जातीचा शब्द पुन्हा घरात कशाला? मला हा संताप समजतो. पण म्हणून जुना कागद फाडू नका आणि कोणी "पैसे द्या, शब्द बदलून आणतो" म्हणाला तर त्याला दारातून परत पाठवा. तो गुन्हा आहे, आणि पुरावाही जाईल. शब्द लिहिणाऱ्याचा होता, माणूस मात्र आपला होता.

१९७० नंतरच्या मृत्यूंचे काम सोपे आहे. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा त्या वर्षी राज्यात लागू झाला. खेड्यातली नोंद ग्रामपंचायतीत, भिवंडी शहरातली महानगरपालिकेत. कलम १७ प्रमाणे कोणालाही नोंद शोधून प्रमाणपत्र मागता येते; मृत्यूचे कारण मात्र त्यात देत नाहीत. आजोबा मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत असताना वारले असतील तर नोंद गावाला नव्हे, मुंबई महापालिकेत शोधावी. कित्येक जण गावाला चार खेपा घालून मग हे विचारतात.

कोणी म्हणेल, मेलेल्यांची नावे कशाला उकरायची, धम्मात श्राद्ध नाही, पिंड नाही. नाहीच. पण तथागतांच्या अस्थींचे आठ भाग करून त्यांवर स्तूप उभारले गेले. आणि येथून फार लांब नसलेल्या कान्हेरीला जा. तेथे भिक्खूंच्या अस्थींसाठी विटांचे लहान स्तूप बांधलेली जागा आहे आणि थेरांची नावे कोरलेले लेख तेथे सापडले आहेत. लेण्यांच्या दानलेखांत कल्याणच्या उपासकांची नावे आहेत. कोणी काय दिले, कोणाचा मुलगा कोण, हे त्यांनी दगडात लिहून ठेवले.

तेव्हा शंभर पानी वही आणा. डाव्या पानावर ऐकलेले लिहा, उजव्या पानावर कागदात सापडलेले. दोन्ही एक करू नका. नक्कल मिळाली की ती गावी नेऊन सर्वांत वयस्कर आत्याला मोठ्याने वाचून दाखवा. "सोमा नाही रे, तो तर सोमाचा भाऊ," असे ती म्हणाली तर तेही डाव्या पानावर लिहा, तारखेसह.