*बुळकांडीचा माग गुराख्यांनी दिला*

बुळकांडी म्हणजे काय, ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा. या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे केले. भारतात तो शेवटचा १९९५ साली दिसला. २०११ मध्ये तो जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. यात अमेरिकन पशुवैद्यक जेफ्री मरिनर यांचा मोठा वाटा आहे.

*त्यांची दोन कामं:*

१) जुनी लस चांगली होती, पण सतत थंड ठेवावी लागायची. मरिनर यांनी फ्रीजशिवाय महिनाभर टिकणारी लस तयार केली. आफ्रिकेत वीज-रस्ता नसलेल्या भागात ती टोचायला गुराख्यांनाच शिकवलं.

२) सोमालिया-केनियाच्या भागात रोग सौम्य झाला होता. जनावरं फारशी मरत नव्हती, त्यामुळे तो नोंदीत येत नव्हता. मरिनर आणि सहकारी पशुपालकांजवळ बसले. लक्षणं काय, कधी दिसली, कळप कुठून आला, हे विचारत माग काढला.

*आपण काय करायचं?*

लम्पी असो की लाळ-खुरकूत, रोगाची पहिली खबर गोठ्यातूनच येते. ताप, अंगावर गाठी, लाळ गळणं, लंगडणं दिसलं तर:
✅ जनावर वेगळं बांधा, बाजारात नेऊ नका
✅ १९६२ वर फोन करा
✅ कधीपासून, किती जनावरं, नवीन जनावर कुठून आणलं, ते सांगा

"किरकोळ आहे, होईल बरं" म्हणून थांबू नका. तोवर रोग शेजारच्या गोठ्यात पोचतो.