मुळीचे औषध आणि मुळीचे विष

साखरशेत ज्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात वसले आहे, तेथे पावसाळ्यात कुंपणांवर व रानाच्या कडेला लाल-पिवळ्या फुलांची एक वेल चढलेली दिसते. फूल ज्योतीसारखे, म्हणून संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून लांगली. मराठीत आपण तिला कळलावी म्हणतो. अडलेल्या स्त्रीस कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरण्याची जुनी चाल होती. तीवरून हे नाव पडले.

आयुर्वेदाने कळलावीची गणना उपविषांत केली आहे. तिच्या कंदात कॉल्चिसीन नावाचे द्रव्य असते. हेच द्रव्य अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून डॉक्टर संधिवाताच्या एका प्रकारावर देतात. मग कंदच का खाऊ नये, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. कंदात ते द्रव्य किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही, आणि गुणकारी मात्रा व घातक मात्रा यांतील अंतर फार थोडे असते. प्रथम काही तासांनी घशाची आग, वांती व जुलाब होतात. त्यांस उतार पडला तरी धोका टळला असे समजू नये. कारण पुढील काही दिवसांत मूत्रपिंडे व हृदय यांवर घाला पडतो आणि अस्थिमज्जा नवे रक्त तयार करीनाशी होते.

आता बाजारातील मुळीकडे वळू. अश्वगंधेचे चूर्ण व गोळ्या शक्तिवर्धक म्हणून सर्वत्र विकल्या जातात. ही मुळी कळलावीसारखी विषारी नव्हे. परंतु तिने झोप व सुस्ती येते, पोट बिघडते, आणि थायरॉइडच्या रोग्यास ती बाधू शकते. आइसलंड व अमेरिका येथील पाच जणांना ती घेतल्यावर कावीळ झाल्याची नोंद 2020 साली प्रसिद्ध झाली. मुळी बंद केल्यावर ते बरे झाले. डेन्मार्कने 2023 साली तिच्या विक्रीवर बंदी घातली. गरोदरपणी तर ती टाळावीच.

झाडपाला खोटा, असा याचा अर्थ नव्हे. कडूकंद आपले वाडवडील काही तसाच खात नसत. फोडी उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून, कडूपणा गेल्यावरच तो पानात पडे. त्या सावधगिरीतच खरे ज्ञान होते. ती सोडून नुसती मुळी उचलणे म्हणजे ज्ञान टाकून धोका घेणे होय.

विद्यार्थिमित्रांनो, एवढे घरी सांगा: अनोळखी कंद चाखू नये, गरोदर स्त्रीस व लहान मुलास कोणतीही मुळी विचारल्याविना देऊ नये, डॉक्टरांकडे गेल्यावर घेत असलेली मुळी लपवू नये. आणि कोणी कळलावी खाल्लीच, तर उलटी थांबण्याची वाट न पाहता उरलेला कंद बरोबर घेऊन जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. तेथे कंद ओळखला गेला, तर उपचाराचा मोलाचा वेळ वाचेल.