बारवेचे पाणी आणि नारू

मंदिराच्या आवारातील बारवेस लोखंडी जाळी बसविलेली पाहून अनेक भाविक कार्यालयात विचारणा करतात; क्वचित नाराजीही व्यक्त करतात. पायऱ्या असूनही तीर्थात पाय बुडवू न देणे त्यांना रुचत नाही. त्यामागील कारण कळावे म्हणून हे टिपण.

वडीलधाऱ्या वाचकांना ‘नारू’ आठवत असेल. हा कृमी पिण्याच्या पाण्यावाटे शरीरात शिरून सुमारे वर्षभर वाढतो. मादीची लांबी मीटरभरही होते. मग बहुधा पायावर फोड येतो, असह्य आग होते. गारवा मिळावा म्हणून रोगी पाय पाण्यात घालतो आणि नेमकी तेव्हाच मादी असंख्य अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचा अतिसूक्ष्म जलजीव त्या गिळतो आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात पुन्हा नारू जातो. सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन निसर्गअभ्यासक अलेक्सी फेदचेन्को यांनी 1870 च्या सुमारास मध्य आशियात शोधून काढला. तहानलेल्यांसाठी पुण्यभावनेने बांधलेल्या पायऱ्याच रोगाची वाट ठरल्या होत्या! बांधणाऱ्यांचा त्यात काय दोष?

नारूवर लस नाही, कृमी मारणारे औषधही नाही. काडीवर गुंडाळत तो रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागे. तुटला तर जखम चिघळे. शेतीच्या हंगामात घरचा कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे.

1984 साली महाराष्ट्रासह सात राज्यांत सुमारे 40 हजार रुग्ण होते. राष्ट्रीय कार्यक्रमात हातपंप बसविले गेले, बारवांच्या पायऱ्या बंद करून पाणी वरून शेंदण्याची सोय झाली, सायक्लॉप्सनाशक औषध टाकले गेले. पाणी कापडाने गाळून पिण्याची आपली जुनी रीत तर घरोघरी समजावून सांगितली गेली. दाट विणीच्या कापडातून सायक्लॉप्स पार होत नाही. देशातील शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

नारू गेला, तरी विषमज्वर, कावीळ, अतिसार पाण्यावाटे आजही पसरतात. म्हणून जाळी कायम आहे. मध्यंतरी एका देणगीदारांनी ती काढून पायऱ्यांना संगमरवर बसविण्याची इच्छा व्यक्त केली होती. वरील हकिगत ऐकल्यावर त्यांनी तीच रक्कम हातपाय धुण्याच्या स्वतंत्र नळांसाठी दिली. हे नळ महाद्वाराच्या डाव्या हातास आहेत.