परदेशचे पाहुणे आणि किनाऱ्याची सफर

दिवाळी आटोपली की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, नाताळात मुलगा, सून नि नातवंडं अमेरिकेहून येताहेत. नातवंडं पहिल्यांदाच इकडे येणार. अलिबागपासून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरवून आणतो. औषधं काय बरोबर घेऊ?" औषधे मी लिहून देतो, पण आधी सहलीचा आराखडा मागतो. निम्मी दुखणी त्या आखणीतूनच येतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीतल्या अण्णांचा मुलगा न्यू जर्सीहून सहकुटुंब आला. विमान रात्री दोनला मुंबईत उतरले, गाडी तयारच होती, मंडळी थेट मुरूडच्या वाटेला लागली. चार दिवसांत सात गावे पाहायची होती. तिसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या नातीला जुलाब लागले. पाणी दिले की जुलाब वाढतात, या समजुतीने आजीने मायेपोटी पाणी तोडले. रात्री माझ्याकडे आणली तेव्हा डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, दुपारपासून लघवी नाही. सुदैवाने ती शुद्धीत होती, पिऊ शकत होती. चमचा चमचा करून चार तासांत सुमारे दीड लिटर जलसंजीवनी पाजली. पहाटे तिला लघवी झाली तेव्हा अण्णा ओटीवर जाऊन बसले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

जुलाबात मूल दगावते ते अंगातले पाणी व क्षार गेल्यामुळे. पाणी तोडणे म्हणजे आगीत तेल ओतणे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे हेच पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. पाकिटावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवावे; अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये. तयार पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून अंदाजपंचे टाकू नका. मुलाला जेवणही चालू ठेवावे. जस्ताच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून द्याव्यात. शौचात रक्त, सतत उलट्या, मूल मलूल किंवा सहा तासांत लघवी नाही, असे दिसले तर पुढचे गाव रद्द करून रुग्णालय गाठावे.

"पण आम्ही लहानपणी विहिरीचंच पाणी प्यायलो की," असे मुलगा म्हणतो. तो प्यायला, त्याच्या मुलांनी प्यायलेले नाही. आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच नकळत हिपॅटायटिस 'ए'ची कावीळ होऊन गेलेली असते. परदेशात वाढलेल्या मुलांना ते संरक्षण नसते. आणि विषमज्वर तर मुलालाही होऊ शकतो. आजोळी जायला कसली लस, म्हणून हीच मंडळी लस टोचून घेत नाहीत. निघण्याच्या महिनाभर आधी त्यांनी तिकडच्या डॉक्टरांना भेटावे. विषमज्वराचे इंजेक्शन निदान दोन आठवडे आधी व्हायला हवे. इथे आल्यावर पाणी उकळलेले किंवा सीलबंद. समोर फोडलेले शहाळे उत्तम, उसाच्या रसातला बर्फ नको. सोलकढी ताजी द्या, दुपारची रात्री नको. तिसऱ्या, कालवे पूर्ण शिजलेलीच.

आता आखणी. डिसेंबरात आपल्याकडे दुपारचे अडीच वाजतात तेव्हा न्यू जर्सीत पहाटेचे चार वाजलेले असतात. शरीराचे घड्याळ बदलायला साधारण तासामागे एक दिवस लागतो. अशा माणसाला घाटात गाडी चालवायला बसवणे म्हणजे जागरणाच्या माणसाला बसवणेच. उतरल्यावर दोन रात्री एकाच जागी काढाव्यात, सकाळचे ऊन अंगावर घ्यावे. ड्रायव्हर इथला असावा आणि त्याचीही झोप झालेली असावी. हे विचारायची आपल्याला उगाच लाज वाटते.

नकाशावर किनारा सरळ दिसतो, पण मध्ये खाड्या आहेत. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटींची वाट पाहण्यातच वेळ जातो. म्हणून किलोमीटर न मोजता तास मोजा. दिवसाला गाडीत तीन-चार तास पुरे, एका गावी दोन रात्री, आणि अंधार पडायच्या आत मुक्काम. वळणांचा त्रास होणाऱ्याने हलका नाश्ता करून समोर लांबवर पाहावे, वाचू नये. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा. बंद गाडीत इन्सुलिन ठेवून देवळात जाऊ नये.

मला सर्वांत भीती वाटते ती समुद्राची. तलावात उत्तम पोहणारी मुलेही इथे फसतात. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. ओहोटीला पाणी आत ओढते, आणि लाटांच्या रांगेत मध्येच शांत दिसणारी पट्टी असते तिथूनच प्रवाह समुद्राकडे धावत असतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे. आपल्याकडचा जुना हिशेब पाहुण्यांना जरूर शिकवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठीला सुमारे साडेचार, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर सहाएक तास ओहोटी. हा अंदाज आहे, हे विसरू नये. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या कोळ्याला विचारावे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या खडकांवर लाटा उसळत असताना फोटोसाठी उभे राहू नये.

कुत्रा चावला किंवा नुसते ओरखडले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी लस सुरू करावी. परतल्यावर तिकडे बघू, असे अजिबात नको. रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवावा.

यंदा अण्णांचा मुलगा पुन्हा येतोय. गेल्या आठवड्यात अण्णा आराखडा घेऊन आले. सात गावांची चार केली होती. मी गणपतीपुळे खोडले. ते जरा नाराज झाले, पण वेळणेश्वरची एक रात्र वाढवून गेले.