उशीर झाला की केला?

पोरी, साहेबांना पाठवलेला निरोप मला दाखवलास ते बरं केलंस. 'आय गॉट लेट ड्यू टू ट्रॅफिक.' अर्थ पोचतो, पण कानाला खटकतं. दोष तुझ्या एकटीचा नाही. ग्वाल्हेरात दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं जे लष्कर झालं, त्यात तू वाढलीस. घरात 'उशीर झाला', दाराबाहेर 'देर हो गई'. दोन्हीकडे उशीर आपसूक होतो, कुणी करत नाही! तोच 'झाला' तू 'गॉट' करून पुण्यापर्यंत नेलास.

इंग्रजीत माणूस लेट असतो. 'आय ॲम लेट', काल असेल तर 'आय वॉज लेट', अजून वाटेत असशील तर 'आय ॲम रनिंग लेट'. 'इट इज गेटिंग लेट' चालतं, पण तिथं रात्र होत आलेली असते. तुझा त्यात संबंध नाही.

माझी युक्ती अशी: आधी मराठीत नेमकं काय झालं ते ठरव. आपल्याकडे त्याला शब्द भरपूर आहेत. खोळंबलीस? 'आय वॉज हेल्ड अप.' कोंडीत अडकलीस? 'आय वॉज स्टक इन ट्रॅफिक.' गाडी रखडली? 'द ट्रेन वॉज डिलेड.' यातला 'वॉज' सांभाळ. 'आय वॉज डिलेड' म्हणजे तुला कशानं तरी अडवलं. तो 'वॉज' गाळून 'आय डिलेड द रिपोर्ट' लिहिलंस तर दिरंगाई तूच केलीस, तीही लेखी. बैठक पुढे ढकलली तरच 'पोस्टपोन'. 'आय वॉज डिटेन्ड' तर नकोच, साहेबांना वाटेल पोलिसांनी बसवून ठेवलं.

आणि 'लेट' नावाआधी लावताना हात आवर. माझ्या वर्गातल्या एका मुलानं अर्जात लिहिलं होतं, 'माय लेट फादर विल साइन टुमारो.' मी दुखवट्याला जायच्या तयारीत. वडील सबलगढहून छोट्या लाईननं यायचे होते, एवढंच! दोन फुटी रुळांवरची ती श्योपूरची गाडी, रमतगमत यायची. 2020 साली तीही बंद पडली.

झोपच लागली असेल तर मात्र ट्रॅफिकच्या गळ्यात घालू नकोस. 'आय ओव्हरस्लेप्ट, सॉरी.' तीन शब्द. साहेब लोकांना ते खरं वाटतं, कारण कुणी सहसा लिहीत नाही.

डिसेंबरात झेलम एक्सप्रेसनं येशील तेव्हा आग्र्याच्या बाजूला धुकं असलं की सगळा मार्गच रखडतो. तसं झालं तर मला मराठीतच कळव, आणि किती तास ते लिही. स्टेशनवर थंडी फार असते.