प्रस्तावनेतील मधला टप्पा

इंग्रजी विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना पुष्कळदा एक लहानसा संशोधनप्रबंध लिहावा लागतो. त्यात त्यांस सर्वांत अवघड वाटते ती प्रस्तावना. कृतिसंशोधनाचा अहवाल लिहिताना प्राथमिक शिक्षकासही हीच अडचण पडते. म्हणून त्या विद्यार्थ्यांची लेखनरीती शिक्षकांनी अभ्यासण्याजोगी आहे.

जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात असताना ४८ शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासल्या व १९८१ साली त्यांतील मांडणीचे चार टप्पे दाखविले. १९९० सालच्या आपल्या ग्रंथात त्याने ते तीनच ठेवले. एखादा शेतकरी पाहुण्यास प्रथम सारे शिवार दाखवितो, मग त्यातील पडीक राहिलेला तुकडा दाखवितो आणि शेवटी तेथे आपण काय पेरणार हे सांगतो, तसाच हा क्रम आहे. पहिल्या टप्प्यात विषयाचे महत्त्व व पूर्वीच्या अभ्यासकांचे काम सांगावयाचे, दुसऱ्यात त्या कामात काय राहून गेले ते दाखवावयाचे आणि तिसऱ्यात आपला हेतू मांडावयाचा.

नवखा विद्यार्थी पहिला टप्पा बहुधा लांबवितो. शब्दकोशातील व्याख्या, विषयाचा इतिहास व थोरामोठ्यांची मते यांनी तो पाने भरतो आणि एकदम "प्रस्तुत प्रबंधाचा हेतू असा आहे" या वाक्यावर येतो. मधला टप्पा गळतो. वडीलधाऱ्यांच्या कामातील उणीव दाखविणे हा उद्धटपणा होईल, अशी भीतीही कित्येकांना वाटते. वास्तविक हा टप्पा चार रीतींनी साधतो, असे स्वेल्सने दाखविले आहे : पूर्वीच्या मताचे खंडन करणे, राहिलेली उणीव दाखविणे, प्रश्न उपस्थित करणे किंवा पूर्वीची परंपरा पुढे नेणे. शेवटच्या दोन रीतींत कोणाचाही अनादर होत नाही.

आता वर्गातील एक उदाहरण घेऊ. चौथीतील मुलांच्या शाब्दिक उदाहरणांवर अहवाल लिहावयाचा आहे. "गणित हा सर्व शास्त्रांचा पाया आहे" अशा वाक्यांनी प्रस्तावना भरल्यास कोणत्याही गावचा अहवाल तसाच दिसेल. त्याऐवजी असे लिहिता येईल :

"शाब्दिक उदाहरणे हा चौथीच्या गणिताचा महत्त्वाचा भाग असून त्यांसाठी भरपूर सराव सुचविला जातो. या वर्गातील मुले उभी मांडलेली वजाबाकी बिनचूक करतात. परंतु 'रामूजवळ १२ बोरे आहेत. ती गणूच्या बोरांपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर गणूजवळ किती?' असे विचारताच कित्येक मुले १७ हे उत्तर देतात. मग मुले वजाबाकीत अडतात की 'जास्त' या शब्दात? ते शोधण्यासाठी प्रत्येक मुलाकडून उदाहरण स्वतःच्या शब्दांत सांगून घेण्याचे योजिले आहे."

येथे तिन्ही टप्पे थोडक्यात आले आहेत. मधल्या प्रश्नामुळे पुढील कामाची दिशाच बदलली, हे विशेष. तो प्रश्न विचारला नसता तर मुलांकडून आणखी शंभर वजाबाक्या करवून घेतल्या गेल्या असत्या आणि त्यांची खरी अडचण तशीच राहिली असती. ज्या प्रस्तावनेत मधला टप्पा लिहिता येत नाही, तेथे दोष बहुधा भाषेचा नसतो. शोधावयाचा प्रश्नच अद्याप सापडलेला नसतो. अशा वेळी लेखणी खाली ठेवून मुलांच्या वह्या पुन्हा पाहाव्यात.

स्वाध्याय : (१) आपल्या एखाद्या जुन्या अहवालाची प्रस्तावना घेऊन तिच्यातील तिन्ही टप्प्यांखाली रेघा ओढाव्यात. (२) मधला टप्पा नसल्यास, आपल्या वर्गातील एका मुलाची एक नेमकी चूक समोर ठेवून तो दोन वाक्यांत लिहावा.