गप्प बसू नकोस

चि. ओंकार,



तुझा व्हिसा आल्याचं ताईनं फोनवर सांगितलं, तेव्हा तिच्या आवाजात आनंद होता, पण काळजी त्याहून जास्त होती. भावोजी रात्री जागून मेलबर्नमधल्या हल्ल्यांचे जुने व्हिडिओ पाहतात म्हणे. त्या दोघांना मी काय सांगायचं ते सांगेनच. हे पत्र तुझ्यासाठी आहे. फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणून मोकळा होशील, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. सावकाश वाच.

भावोजी बघतात ते व्हिडिओ खोटे नाहीत. मी इथं मेलबर्नला शिकायला होतो तोच तो काळ. 2009 साली सेंट ऑल्बन्स, सनशाइन, फूटस्क्रे, वेरिबी या पश्चिमेकडच्या भागांत भारतीय मुलांना रात्री गाठून मारहाण झाली, लूटमार झाली. 31 मे 2009 ला हजारो विद्यार्थी मेलबर्नच्या रस्त्यावर उतरले आणि फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरचा चौक त्यांनी अडवून धरला. त्याच सुमारास पोलिसांकडून सल्ला आला होता, की गाडीत आपल्या भाषेत मोठ्यानं बोलू नका, लॅपटॉप आणि आयपॉड दिसू देऊ नका. त्या सल्ल्यानं आमच्यातले पुष्कळजण दुखावले. माझं मत आजही तेच आहे: मार खाणाऱ्यानं आवाज खाली करायचा, हा न्याय नव्हे. तू गाडीत आईशी मराठीत खुशाल बोल.

पण त्या काळातून शिकण्यासारखं काही आहे, आणि ते व्हिडिओत दिसत नाही. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिमिनॉलॉजी या सरकारी संस्थेनं 2005 ते 2009 या वर्षांतले परदेशी विद्यार्थ्यांवरचे गुन्हे तपासून 2011 मध्ये अहवाल काढला. मारहाणीचं प्रमाण इथल्या सर्वसाधारण लोकांइतकंच किंवा त्याहून कमी निघालं. लुटीचं मात्र मोठ्या राज्यांत भारतीय मुलांच्या बाबतीत जास्त निघालं. वर्णद्वेष किती होता हे त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही, असंही त्यांनी नोंदवलं. वर्णद्वेष नव्हताच असं मी म्हणणार नाही. शिव्या मी स्वतःच्या कानांनी ऐकल्यात. पण आमचं जगणं कसं होतं तेही बघ. पेट्रोल पंपावर रात्रपाळी, टॅक्सी, चोवीस तास उघडं असलेलं दुकान. तिथून शेवटच्या गाडीनं स्वस्त भाड्याच्या लांबच्या उपनगरात परत. खिशात दिवसाची रोख मजुरी, हातात फोन, झोपेनं जड झालेले डोळे, सोबत कुणी नाही. लुटणाऱ्याला याहून सोपं सावज कुठलं?

म्हणून येताना पहिली गोष्ट ठरवून ये: घर घेताना नुसतं भाडं बघायचं नाही. आठवड्याला तीस-चाळीस डॉलर वाचवण्यासाठी स्टेशनपासून अर्धा तास अंधारात चालावं लागेल अशी खोली घेऊ नकोस. खोली बघायला दुपारी जाशीलच, रात्री नऊनंतरही एकदा त्याच रस्त्यानं चालून बघ. रात्रीच्या गाडीत पहिल्या डब्यात, चालकाजवळ बस. फलाटावर लाल बटण असतं, ते संकटात दाबायचं. हिरवं नुसत्या चौकशीसाठी. 2012 पासून इथल्या स्टेशनांवर संध्याकाळनंतर प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस ऑफिसर, म्हणजे पोलिसांचे सुरक्षा अधिकारी, नेमायला सुरुवात झाली. ते शस्त्रधारी असतात. एकटं वाटलं तर सरळ त्यांच्याजवळ जाऊन उभा राहा, त्यात लाज कसली? विद्यापीठात रात्री उशिरापर्यंत थांबलास तर तिथल्या सुरक्षा कार्यालयाला फोन कर. बहुतेक विद्यापीठांत माणूस सोबत येऊन बसथांब्यापर्यंत किंवा गाडीपर्यंत पोचवतो.

कुणी अडवून फोन मागितला तर देऊन टाक. फोन पुन्हा घेता येतो. आणि स्वसंरक्षणासाठी म्हणून बॅगेत मिरचीचा स्प्रे टाकून आणू नकोस. इथल्या व्हिक्टोरिया राज्यात तो प्रतिबंधित शस्त्रांत मोडतो, तो बाळगणंच गुन्हा. सप्टेंबर 2025 पासून इथं मॅचेटीवर, म्हणजे कोयत्यासारख्या मोठ्या सुऱ्यावरही बंदी आहे. पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या वाचून ताई घाबरते, तशाच बातम्या इथल्या चॅनलांवरही असतात. पण आपण शस्त्र जवळ ठेवल्यानं त्यातलं काही टळत नाही.

000 हा क्रमांक पाठ कर. जीव धोक्यात असेल, समोर गुन्हा घडत असेल, आग लागली असेल, तर तोच. पलीकडून आधी विचारतील, पोलीस, फायर की अ‍ॅम्ब्युलन्स. घाबरून इंग्रजी सुचलं नाही तर आपल्या भाषेचं नाव सांगायचं, दुभाषी जोडून देतात. सायकल चोरीला गेली, मोटार फोडली, म्हणजे चोर निघून गेलाय आणि तातडी नाही, तर पोलिसांचा 131 444. अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल मोठं येतं म्हणून आपली मुलं जखमी होऊनही बोलावत नाहीत, हे मी पाहिलंय. विद्यार्थी व्हिसासाठी तू जो आरोग्य विमा घेतला आहेस त्यात तातडीची अ‍ॅम्ब्युलन्स येते. बिनदिक्कत बोलाव.

आता मला ज्याची खरी भीती वाटते ते सांगतो. अंधाऱ्या गल्लीतला चोर एकदा लुटतो. आपल्याच भाषेत गोड बोलणारा माणूस महिनोन् महिने लुटतो, आणि मुलगा व्हिसाच्या भीतीनं तोंड उघडत नाही.

इथं शिकत असताना दर पंधरवड्याला 48 तास काम करता येतं, सुट्टीत हवं तितकं. कामावर घेणारा म्हणेल, जास्त तास कर, रोख देतो, कागदावर कमी दाखवू. एकदा तू ते केलंस की दोरी त्याच्या हातात गेली. मग पगार थकवणार, रात्री दुकानात एकट्याला ठेवणार, आणि तू हक्काचे पैसे मागितलेस की 'इमिग्रेशनला कळवू का?' असं धमकावणार. म्हणून तास पाळ, पगाराची पावती माग आणि कामाचे तास स्वतःच्या वहीत लिहून ठेव. तरीही फसलासच, तर हेही माहीत असू दे: कामगाराला व्हिसाचा धाक दाखवून राबवणं हा इथं जुलै 2024 पासून फौजदारी गुन्हा आहे. कामगारांच्या तक्रारी घेणाऱ्या फेअर वर्क ओम्बड्समनकडे 13 13 94 वर तक्रार करता येते, आणि पिळवणुकीची तक्रार करणाऱ्या मुलाचा व्हिसा वाचवण्यासाठी सरकारनं तरतुदी केल्या आहेत. धमकावणारा मालक हे तुला कधीच सांगणार नाही.

याहून वाईट प्रकार बँक खात्याचा. शिक्षण संपवून परत निघालेल्या किंवा पैशाची चणचण असलेल्या मुलांना गाठून कुणी म्हणतं, 'तुझं खातं आणि कार्ड दे, काही शे डॉलर देतो.' कधी म्हणतात, 'पैसे तुझ्या खात्यात येतील, पुढं पाठव, कमिशन ठेव.' ते पैसे कुणाच्या तरी आयुष्यभराच्या बचतीचे असतात, आणि पोलिसांना पहिलं नाव सापडतं ते खातेदाराचं. ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसांनी परदेशी विद्यार्थ्यांना याबद्दल जाहीर इशारे दिले आहेत. 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर तिथं फारसं उपयोगी पडत नाही. देश सोडताना खातं बंद करायचं असतं, विकायचं नसतं. ओळखीतल्या कुणी मागितलं तरी नाही म्हण. नातं तुटलं तर तुटू दे.

खोलीच्या बाबतीतही तेच. न बघता पैसे पाठवायचे नाहीत, मग जाहिरात मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असली तरी. व्हिक्टोरियात रीतसर भाडेकराराची अनामत घरमालकाच्या खिशात राहत नाही, ती रेसिडेन्शियल टेनन्सीज बाँड ऑथॉरिटीकडे जमा होते आणि तशी पावती तुला मिळते. 'मी परदेशात आहे, किल्ली कुरियरनं पाठवतो' म्हणणारा घरमालक नसतो. पहिले दोन-तीन आठवडे माझ्याकडं टार्नेटला राहा. घाईत खोली शोधणारा मुलगा लवकर फसतो.

फोनवरच्या भामट्यांबद्दल तुला शिकवायला नको, तुमच्या पिढीला ते माहीत आहे. तरी इतकं सांगतो: करखातं किंवा इमिग्रेशन कधीही गिफ्ट कार्ड घ्यायला सांगत नाही, आणि कुठलाच पोलीस फोनवरून अटक करत नाही. फोनच्या पडद्यावर दिसणारा नंबर खोटा असू शकतो. शंका आली की फोन ठेवायचा आणि त्या खात्याचा क्रमांक स्वतः शोधून फिरवायचा. चिंता आहे ती ताई-भावोजींची. तिकडं 'डिजिटल अटक' करून म्हाताऱ्या माणसांना तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणारे आहेत. 'तुमचा मुलगा मेलबर्नला पकडला गेलाय, सोडवायला पैसे पाठवा' असा फोन त्यांना कधीही येऊ शकतो, आणि त्या वेळी तू वर्गात फोन बंद करून बसलेला असशील. तेव्हा ताई काय करील, याचा विचार आत्ताच करायला हवा.

घराचं थोडं. मी राहतो त्या पश्चिमेकडच्या भागात हल्ली मोटारी चोरीला जाण्याचं प्रमाण खूप वाढलंय. चोर रात्री घरात शिरतात ते गाडीच्या चाव्यांसाठी. भारतीय घरांत सोनं असतं हेही त्यांना ठाऊक आहे. म्हणून इथं गल्लीतले आम्ही सगळे एकमेकांचे नंबर ठेवतो, कुणी गावाला गेलं की शेजारी त्याची टपालपेटी रिकामी करतो. शेजारच्या इटालियन आजी इतक्या चौकस आहेत, की माझ्या दारात अनोळखी गाडी उभी राहिली तरी त्यांचा फोन येतो. तू भाडेकरू असलास तरी आजूबाजूच्या चार घरांना नाव सांगून ओळख करून घे. ताई जी सोन्याची चेन देणार आहे ती तिच्याकडंच राहू दे. मी तिला समजावतो.

आणखी एक, जे तुझ्या आई-वडिलांसमोर तुझ्याशी बोलता आलं नसतं. आपण मुलं सुरक्षित राहावीत म्हणतो तेव्हा आपल्या मुलांपासून दुसरं कुणी सुरक्षित राहावं, हे बोलत नाही. इथं जुलै 2023 पासून कायदा स्पष्ट आहे: समोरच्या व्यक्तीनं बोलून किंवा कृतीनं होकार द्यायला हवा, आणि तो आहे की नाही हे विचारायची जबाबदारी तुझी. ती गप्प होती, तिनं विरोध केला नाही, हे समर्थन चालत नाही. नको म्हटल्यावर पुन्हापुन्हा मेसेज करणं, पाठलाग करणं, यालाही इथं गुन्हाच म्हणतात, आणि म्हणायलाच हवं. तुझ्या वर्गातली एखादी मुलगी अशा छळातून जात असेल तर तिला 1800 737 732 हा मदतवाहिनीचा नंबर दे. ती मदत चोवीस तास मिळते. तिनं काय करावं हे मात्र तिला ठरवू दे.

ओंकार, तुझ्यावर काही प्रसंग आलाच, तर तो लपवू नकोस. आई रडेल, मामा रागावेल, कर्ज काढून पाठवलंय, लोक काय म्हणतील, या विचारांनी इथं कितीतरी गुणी मुलं एकट्यानं सोसत राहिली. तुझ्याकडून चूक झाली असली तरी आधी मला फोन कर, रात्री तीन वाजता कर. मी आधी तुझ्याजवळ येईन, बोलणं नंतर होईल. माझा फोन लागला नाही तर विद्यापीठातलं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं कार्यालय आहे, मेलबर्नमधला भारताचा महावाणिज्य दूतावास आहे, भारत सरकारचं 'मदद' पोर्टल आहे. निघण्याआधी त्या पोर्टलवर नाव नोंदवून ठेव.

आणि आज रात्री जेवणं झाली की ताई-भावोजींना घेऊन बस. तुमच्या तिघांखेरीज कुणाला ठाऊक नसेल असा एक शब्द ठरव. तुझ्या नावानं पैसे मागणारा फोन आला तर त्यांनी आधी तो शब्द विचारायचा, सांगता आला नाही तर फोन ठेवून मला कळवायचं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता तिकडच्या सायबर गुन्ह्यांच्या 1930 या नंबरवर तक्रार करायची. हा नंबर भावोजींच्या हातानं फ्रिजवर चिकटवून घे, आणि शब्द ठरला की मला तसं कळव. शब्द मात्र मलाही सांगू नकोस.

तुझा,
मामा